चार किलोचं बाळ आणि उणे चाळीसची थंडी

सायबेरियाच्या ईशान्य टोकाला, उत्तर अक्षांश ७० अंशांच्याही वर, याना नदीच्या काठी पुरातत्त्वज्ञांना हिमयुगातल्या शिकाऱ्यांची एक वस्ती सापडली. दगडी हत्यारं, मॅमथची हाडं आणि नेढं असलेल्या हाडाच्या सुया निघाल्या. त्यांच्याबरोबर निघाले दोन दुधाचे दात. दात सुमारे ३१ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. २०१९ मध्ये त्यांच्यातल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ते दोन मुलग्यांचे असल्याचं आणि ही मुलं एकमेकांची जवळची नातेवाईक नसल्याचं कळलं. म्हणजे एवढ्या उत्तरेला, एवढ्या जुन्या काळी, एकाहून अधिक कुटुंबं लेकराबाळांसह राहत होती आणि त्यांची बाळं आयुष्यातला पहिला हिवाळा निभावून नेत होती.

थंडी सोसण्याचा विचार करताना डोळ्यांपुढे बहुधा धडधाकट शिकारी येतो. खरी परीक्षा मात्र तान्ह्या बाळाची असते. मोठा माणूस कुडकुडतो, चालतो, शेकोटी पेटवतो, अंगावर आणखी एक कातडं ओढून घेतो. नवजात बाळाला यातलं काहीच करता येत नाही. त्याला धड कुडकुडताही येत नाही. आईच्या पोटातल्या ३७ अंश सेल्सिअस उबेतून ते ओल्या अंगाने बाहेर येतं आणि त्या क्षणापासून त्याची उष्णता बाहेर जाऊ लागते. उत्तरेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या बाळांची घडण, विशेषतः त्यांचं जन्माच्या वेळचं वजन, थंडीने घडवली आहे का, हा प्रश्न मानवशास्त्रज्ञ आणि डॉक्टर कित्येक दशकं तपासत आहेत. उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, आणि त्यावर आजच्या बाळांची तब्येतही अवलंबून आहे.

सुरुवात भूमितीपासून करायला हवी. उष्णता शरीराच्या सगळ्या आकारमानात तयार होते आणि बाहेर जाते ती मुख्यतः पृष्ठभागावरून. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. वाटीत वाढलेली आमटी लगेच निवते, पातेल्यातली बराच वेळ गरम राहते, ते याचमुळे. साडेतीन किलोच्या बाळाच्या वाट्याला दर किलोमागे प्रौढ माणसाच्या सुमारे अडीचपट त्वचा येते. बाळांची आपसांत तुलना केली तरी हाच हिशेब लागू पडतो. एकाच घडणीची दोन बाळं घेतली, एक अडीच किलोचं आणि दुसरं चार किलोचं, तर चार किलोच्या बाळाला दर किलोमागे जवळपास १५ टक्के कमी त्वचा सांभाळावी लागते. उणे चाळीस अंशांच्या मुलखात १५ टक्के ही क्षुल्लक बाब नव्हे.

जर्मन जीवशास्त्रज्ञ कार्ल बर्गमान यांनी १८४७ मध्ये प्राण्यांबाबत हाच नियम मांडला होता: जवळच्या नात्यातल्या प्राण्यांपैकी थंड प्रदेशातले आकाराने मोठे असतात. १८७७ मध्ये अमेरिकेच्या जोएल अ‍ॅलन यांनी त्याला जोड दिली की थंड प्रदेशात कान, शेपटी, पाय असे बाहेर आलेले अवयव आखूड असतात. माणसांना हे लागू पडतं का, हे १९५३ मध्ये डेरेक रॉबर्ट्स यांनी जगभरच्या समाजांची आकडेवारी मांडून पाहिलं. वार्षिक सरासरी तापमान जितकं कमी, तितकं शरीराचं सरासरी वजन जास्त, असं त्यांना दिसलं. उत्तर ध्रुव प्रदेशातल्या इनुइट लोकांचं रुंद धड आणि तुलनेने आखूड हातपाय या चित्रात नीट बसतात. पण १९९८ मध्ये काट्झमार्झिक आणि लेनर्ड यांनी नव्या आकड्यांवर तीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा संबंध टिकला तरी तो पुष्कळ सैल झालेला दिसला. मधल्या काळात अनेक समाजांचा, विशेषतः उष्ण प्रदेशांतला, आहार आणि आरोग्य बदललं होतं. हवामान तेच राहिलं आणि वजनं हलली. पुढचा सगळा गुंता या निष्कर्षात आधीच दिसतो.

बाळाला थंडीत वाचवणारी दुसरी गोष्ट म्हणजे चरबी. माणसाचं नवजात पिल्लू सस्तन प्राण्यांमध्ये सर्वांत गुबगुबीत पिल्लांपैकी एक आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वजनाचा साधारण १२ ते १५ टक्के भाग चरबीचा असतो. तिचा थोडाच हिस्सा तपकिरी चरबीचा, पण तोच बाळाची शेगडी. खांद्याच्या पात्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांच्या आसपास ती साठलेली असते. तिच्या पेशींमध्ये एक खास प्रथिन असतं. ते असल्यामुळे अन्नातली ऊर्जा इतर कामांकडे न वळता थेट उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. स्नायू न हलवता ऊब तयार होते आणि म्हणूनच बाळाचं कुडकुडण्यावाचून भागतं. हा साठा मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत भरतो. त्यामुळे आधी जन्मलेलं बाळ दोन्हीकडून अडचणीत येतं: त्वचा जास्त आणि शेगडीत सरपण कमी. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांची काचपेटी थोडी जास्त उबदार ठेवली, तरी जगणाऱ्या बाळांची संख्या ठळकपणे वाढते. 

आता याच प्रश्नाकडे आईच्या बाजूने पाहू. गर्भही उष्णता तयार करतो आणि त्याचं तापमान आईपेक्षा साधारण अर्ध्या अंशाने जास्त असतं. ती बहुतेक उष्णता वारेतून आईच्या रक्तात येते आणि आईलाच बाहेर टाकावी लागते. दमट, उकाड्याच्या प्रदेशात मोठा गर्भ हे आईवर अधिकचं ओझं ठरतं, थंड प्रदेशात ते जाणवत नाही. लंडनमधले संशोधक जोनाथन वेल्स आणि टिम कोल यांनी २००२ मध्ये जगातल्या शंभराहून अधिक लोकसमूहांची जन्मवजनं तिथल्या उष्णतेच्या ताणाशी ताडून पाहिली. ताण जितका जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असा कल त्यांना आढळला. थोडक्यात, उत्तरेत मोठं बाळ होण्यामागे जसा, तसाच उष्ण प्रदेशात लहान बाळ होण्यामागेही हवामानाचा हात असू शकतो.

मग उत्तरेतलं बाळ मोठंच का होत जात नाही? कारण त्याला जन्माच्या वाटेतून बाहेर यावं लागतं. मेरी कार्न आणि लायोनेल पेनरोज यांनी १९५१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयातल्या १३,७३० बाळांची नोंद अभ्यासली. फार लहान बाळं दगावत होती, तशीच फार मोठीही. सर्वांत सुरक्षित होतं ते साडेतीन किलोच्या थोडं पुढचं वजन. निसर्ग दोन्ही टोकांकडून कात्री लावतो. उत्तरेतल्या शरीरांना इथे थोडी सवलत मिळालेली दिसते. ख्रिस्तोफर रफ यांच्या मोजमापांनुसार थंड प्रदेशातल्या समाजांमध्ये कमरेच्या हाडांचं कडं सरासरीने रुंद असतं. धड रुंद झालं की उष्णता टिकते, आणि बाळ सामावून घ्यायला जागाही थोडी वाढते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या चित्रात जनुकांची भर पडली आहे. २०१५ मध्ये ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या जनुकसंचाचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सील, व्हेल आणि माशांच्या चरबीवर पोसलेल्या आहाराशी जुळवून घेणारे बदल त्यात ठळकपणे दिसले. हे बदल ज्यांच्यात आहेत, त्यांची उंची आणि वजन इतरांपेक्षा थोडं कमी होतं. थंडीशी जुळवून घेतलं म्हणजे अंग वाढलंच पाहिजे, असं नाही. त्याच अभ्यासात चरबीच्या पेशींच्या घडणीशी संबंध असलेला जनुकांचा आणखी एक पट्टा सापडला. तो बहुधा डेनिसोव्हा मानवांसारख्या प्राचीन भाऊबंदांकडून आला असावा, असं पुढच्या संशोधनातून दिसलं.

आणखी एका बदलाची गोष्ट बाळांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सीपीटी१ए नावाच्या जनुकातला एक बदल जगात इतरत्र जवळपास आढळत नाही, पण ईशान्य सायबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये तो अगदी सर्रास दिसतो. या जनुकापासून बनणारं विकर चरबीला पेशींच्या भट्टीत नेऊन टाकतं. बदलामुळे हे काम मंदावतं. जवळपास सगळा आहार चरबी आणि मांसाचा असेल तर ही मंदगती उपकारक ठरली असावी, कारण नैसर्गिक निवडीने हा बदल वेगाने पसरवल्याचं २०१४ मधल्या अभ्यासातून दिसतं. पण तान्ह्या बाळाने बराच वेळ दूध घेतलं नाही किंवा आजारपणात खाणं तुटलं, तर त्याच्या रक्तातली साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. अलास्कात नवजातांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची तपासणी विस्तारली, तेव्हा हा बदल किती बाळांमध्ये आहे हे लक्षात आलं. अशा बाळाला उपाशी ठेवू नका, आजारपणात तर मुळीच नको, हा सल्ला आता तिथल्या पालकांना दिला जातो. मोठ्यांच्या सोयीच्या जुळवणीची किंमत कधी कधी बाळं मोजतात.

मोठ्यांच्या शरीरातही फरक आहेच. विल्यम लेनर्ड आणि सहकाऱ्यांना उत्तर ध्रुवाभोवतीच्या मूळ समाजांमध्ये, ज्यांत सायबेरियातले साखा आणि इव्हेंकी लोकही येतात, विश्रांतीच्या अवस्थेतला चयापचय अपेक्षेपेक्षा सुमारे ७ ते १९ टक्क्यांनी जास्त आढळला. साखा प्रजासत्ताकात ओइम्याकोन नावाचं गाव आहे. तिथे १९३३ मध्ये उणे ६७.७ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा मुलखात शरीर आतून जास्त जाळतं, हे समजण्यासारखं आहे. गरोदर बाईलाही मग जास्त खावं लागतं. शिकार चांगली झाली तर बाळाच्या वाट्याला पुरेसं येतं, नाही झाली तर आईच्या शरीराची भूक आधी भागते.

आणि शरीरापेक्षाही मोठी जुळवणी माणसाने हातांनी केली. इनुइट बायकांचा ‘अमाउती’ हा अंगरखा पाहावा. पाठीवर बाळासाठी ऐसपैस खोळ असते आणि वर आई-बाळ दोघांची डोकी झाकेल एवढी मोठी टोपी. कमरेला पट्टा बांधला की बाळ खाली घसरत नाही. ते आईच्या पाठीला लागून बसतं आणि दोघांची ऊब एकाच कातड्याखाली फिरते. दूध पाजायचं झालं की बाळाला आतल्या आतच पुढे सरकवायचं. बाहेरच्या वाऱ्यात त्याचं बोटही उघडं पडत नाही. कॅनडातल्या क्री बायकांची पद्धत वेगळी. पाणथळ जागी वाढणारं स्फॅग्नम शेवाळ गोळा करायचं, फांद्यांवर टाकून वाळवायचं, त्यातल्या काड्याकुड्या निवडून काढायच्या आणि ते मऊ शेवाळ बाळाच्या भोवती भरून वरून पिशवी दोरीने आवळायची. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी शोषतं, त्यामुळे बाळ कोरडं राहतं. आणि थंडीत ओलेपणासारखा शत्रू नाही. स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांनी कातड्याने मढवलेला पाळणा केला, तो रेनडिअरच्या पाठीवरही बांधता येतो. बोगोटातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायला सुरुवात केली आणि आज ‘कांगारू पद्धत’ जगभर वापरली जाते. त्यामागचं तत्त्व अमाउती शिवणाऱ्या बायकांना कधीपासून ठाऊक होतं. सुई आणि कातडं हाती असलेल्या समाजात बाळाला प्रत्यक्ष सोसावी लागणारी थंडी बाहेरच्या तापमानापेक्षा कितीतरी कमी असते. म्हणून नुसत्या तापमानाच्या आकड्यावरून बाळाच्या वजनाचा अंदाज बांधता येत नाही.

प्रत्यक्ष आकडे हेच सांगतात. क्वेबेक प्रांतात जेम्स उपसागराच्या पूर्वेला क्री लोकांची गावं आहेत. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांमध्ये त्यांच्या बाळांचं सरासरी वजन ३.८ किलोच्या आसपास भरलं आणि दर तिघांतलं एक बाळ ४ किलोच्या वर होतं. जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत वजनदार बाळांमध्ये ही बाळं मोडतात. हवामानाचा नियम जमेस धरला तर त्यांच्याही उत्तरेला, अधिक कडक थंडीत राहणाऱ्या इनुइट लोकांची बाळं आणखी मोठी असायला हवीत. तसं नाही. कॅनडातल्या इनुइट बाळांमध्ये ४ किलोच्या वरच्यांचं प्रमाण क्री बाळांपेक्षा बरंच कमी आहे आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कॅनडाच्या सरासरीहून जास्त आहेत. उलट फॅरो बेटांवर, जिथे समुद्रामुळे हिवाळा तुलनेने सौम्य असतो, १९८० च्या दशकात बाळं डेन्मार्कच्या बाळांपेक्षा जवळपास २०० ग्रॅमनी जड होती. समुद्री माशांच्या चरबीमुळे गरोदरपण काही दिवस लांबतं आणि बाळाला वाढायला वेळ मिळतो, अशी मांडणी डॅनिश संशोधक ओल्सेन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली.

क्री बाळांच्या वजनामागे काय आहे? बराच मोठा वाटा गेल्या काही दशकांतल्या बदलांचा आहे. १९७१ मध्ये त्या प्रदेशात प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर झाला, १९७५ मध्ये करार झाला, रस्ते आले, दुकानं आली. हंस, बीव्हर, मूस आणि मासे यांच्या जागी पिठाचे, साखरेचे पदार्थ आले आणि शिकारीची पायपीट कमी झाली. अभ्यासात साधारण आठातल्या एका गरोदर क्री बाईला गरोदरपणातला मधुमेह आढळला. आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून गर्भात जाते, गर्भाचं इन्सुलिन वाढतं आणि बाळावर चरबी चढते. आईचं वजन आणि मधुमेह हिशेबातून वजा केल्यावरही क्री आणि इतर बाळांमधला फरक पूर्ण मिटत नाही, त्यामुळे वारशाचा काही भाग शिल्लक राहतो. पण वाढलेल्या वजनाचा उबेसाठी काही उपयोग नाही, कारण घरात हीटर आहे. धोका मात्र खरा आहे: प्रसूतीत खांदा अडकतो, जन्मानंतर साखर एकदम उतरते आणि पुढच्या आयुष्यात मधुमेहाची शक्यता वाढते. इनुइट गावांमधली कहाणी उलट टोकाची. महाग आणि अपुरं अन्न, दाटीवाटीची घरं, धूम्रपान आणि दूरवरची रुग्णालयं यांमुळे तिथे बाळं लवकर येतात.

दोन शेजारी समाज, दोन उलट अडचणी, आणि दोन्हीकडे कडाक्याची थंडीच.

महाराष्ट्राचा या चर्चेशी थेट संबंध आहे, कारण बाळाचं योग्य वजन किती हा वाद इथल्या आकड्यांवरही झाला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी माता-बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याच्या बाळांच्या पाठीवरची चरबी वजनाच्या मानाने जवळपास शाबूत होती. कमी पडले होते ते स्नायू. पुढे आठ देशांतल्या निरोगी, चांगल्या खाणाऱ्यापिणाऱ्या गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात भारतातून नागपूर होतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार आई सुदृढ असेल तर गर्भाची हाडांची वाढ आणि जन्माच्या वेळची लांबी सगळीकडे बरीच सारखी असते. त्या आठ ठिकाणांत आर्क्टिकमधलं एकही नव्हतं.

कमी वजनाची जगभर मानली जाणारी रेघ, २,५०० ग्रॅम, ही फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ मध्ये सुचवलेली. सोयीची म्हणून ती टिकली. तिच्याच जोडीला ४,००० ग्रॅमची वरची रेघ आली. या दोन रेघांमध्ये बाळ बसलं म्हणजे सगळं ठीक, असं मानण्याची सवय दवाखान्यांना लागली.

उपलब्ध पुराव्यांवरून काढता येणारा निष्कर्ष असा. थंडीने उत्तरेतल्या शरीरांवर हजारो वर्षांत खूण उमटवली आहे: रुंद धड, आखूड हातपाय, तेज चयापचय, चरबी वापरण्याच्या वेगळ्या रीती. जन्मवजनावरही तिचा काही असर आहे, पण तो संथ आणि थोडा आहे. आईच्या ताटात काय आहे, तिला मधुमेह आहे का, ती किती आठवड्यांनी बाळंत झाली, यांचा असर एका पिढीत त्याहून कितीतरी जास्त होतो. म्हणून ‘ही माणसं थंडीतली, त्यांची बाळं मोठीच असायची’ असं म्हणून चार किलोच्या क्री बाळाच्या आईची साखर तपासायची राहून गेली, तर जुळवणीचा सिद्धांत त्या बाळाच्या मुळावर येईल. तसंच चांगल्या आहाराच्या, पूर्ण दिवसांच्या गरोदरपणातून आलेल्या वजनदार बाळाला केवळ रेघेच्या वर गेलं म्हणून आजारी ठरवणंही चूक.

कॅनडाने १९७० च्या दशकापासून इनुइट गरोदर बायकांना बाळंतपणासाठी विमानाने दक्षिणेच्या शहरांत पाठवायला सुरुवात केली. घरापासून, आपल्या भाषेपासून आणि ओळखीच्या अन्नापासून त्या कित्येक आठवडे दूर राहत. क्वेबेकच्या उत्तर भागात हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर पुव्हिर्नितुक गावात १९८६ मध्ये बायकांच्या आग्रहामुळे प्रसूतिगृह सुरू झालं आणि स्थानिक इनुइट मुलींना सुईणपणाचं रीतसर शिक्षण देण्यात आलं. पुढे आसपासच्या गावांतही अशी केंद्रं उघडली. तिथे बाळाचं वजन घेणारी सुईण त्याच्या आईला, आईच्या आहाराला आणि तिच्या गरोदरपणाच्या आठवड्यांना ओळखते. उत्तरेतल्या बाळांना हवामानावरच्या आणखी एका सिद्धांतापेक्षा अशा सुईणींची, वेळेवर होणाऱ्या साखरेच्या तपासणीची आणि परवडणाऱ्या चांगल्या अन्नाची गरज जास्त आहे.